लघवीतून रक्त एकदाच गेलं आणि थांबलं, तरी दाखवायचं का?

वाचकाचं पत्र

नमस्कार डॉक्टर. आमचे मिस्टर ५८ वर्षांचे आहेत. गावाहून आल्यावर १९८९ ते १९९६ ते भोसरीजवळच्या एका छोट्या रंगाच्या कारखान्यात होते. पावडरची पोती फोडून टाकीत ओतायची, ढवळायचं, ड्रम धुवायचे, हे काम. घरी यायचे तेव्हा बनियन, नखं, कान सगळं रंगलेलं असायचं. थुंकीसुद्धा रंगीत यायची, असं ते अजून हसत सांगतात. तो कारखाना बंद पडला. मग गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत आधी मशीन शॉपला आणि नंतर बरीच वर्षं पेंट शॉपला स्प्रे मारायला होते. विडी ओढायचे, ती दहा वर्षांपूर्वी सोडली.

दिवाळीनंतर एक दिवस लघवी लालभडक झाली. दुखलं काहीच नाही. दोन दिवसांत आपोआप साफ झाली. जवळच्या डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. हे म्हणतात उन्हाळी लागली होती, धण्याजिऱ्याचं पाणी प्यायलो, बरं वाटलं, विषय संपला. माझी जाऊ म्हणते, हा नदीच्या घाण पाण्याचा प्रताप. मला मात्र सारखा तो जुना कारखाना आठवतो. तीस वर्षांपूर्वीच्या कामाचा आता संबंध असू शकतो का? आमचा मुलगा २५ वर्षांचा आहे, तोही भोसरीतच पार्ट धुण्याच्या विभागात लागलाय. मी उगाच घाबरतेय का?

– एक वाचक, काळेवाडी

उत्तर

ताई, कारखाना, नदी, विडी यांच्याकडे मी येणार आहेच, पण आधी एक काम करा. याच आठवड्यात त्यांना यूरॉलॉजिस्टकडे, म्हणजे मूत्रविकारांच्या सर्जनकडे न्या. लघवी आज काचेसारखी स्वच्छ असली तरी न्या.

उन्हाळी लागली की जळजळ होते, थेंब थेंब होते, माणूस पाय आपटत मोरीतून बाहेर येतो. तुमच्या मिस्टरांना यातलं काहीच झालं नाही, आणि दिवाळीनंतरच्या थंडीत उन्हाळी लागावी तरी कशी? खड्याचं रक्त असेल तर सहसा पाठीत-कुशीत कळा येतात. जंतुसंसर्ग असेल तर जळजळ होते, कधी ताप येतो. पन्नाशी-साठीच्या माणसाला काहीही न दुखता लालभडक लघवी झाली, तर ती मूत्राशयाच्या कर्करोगाची पहिली खूण असू शकते. असेलच असं नाही. प्रोस्टेट वाढली असेल, न दुखणारा खडा असेल, किंवा आणखी काही साधं निघेल. पण ते तपासून ठरवायचं असतं, अंदाजाने नाही.

हे रक्त आपोआप थांबतं, तिथेच माणसं फसतात. गाठ असली तरी ती रोज रक्त गाळत बसत नाही. एकदा जातं, मग आठवडे, कधी महिने काहीच नाही. मधल्या काळात ज्या गोळ्या घेतल्या किंवा जे पाणी प्यायलं, त्याला श्रेय मिळून जातं. पाच दिवसांच्या गोळ्या देण्याआधी लघवीचं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहायची तपासणी, केलं होतं का, हे त्या डॉक्टरांना जरूर विचारा. केलं नसेल, किंवा केलं आणि त्यात जंतू निघाले नसतील, तर संसर्ग होता असं म्हणायला आधारच उरत नाही. ते रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असतील, तर ‘त्या गोळ्यांमुळेच गेलं असेल’ असं म्हणूनही तपासणी टाळू नका.

यूरॉलॉजिस्ट लघवी तपासतील, त्यातल्या पेशी पाहतील, सोनोग्राफी आणि बहुधा सीटी स्कॅन सांगतील. सोनोग्राफी नॉर्मल आली की बरेच जण तिथूनच घरी जातात. तसं करू नका. मूत्राशयातली लहान किंवा चपटी गाठ सोनोग्राफीत सुटू शकते. आत दुर्बीण घालून पाहणं, म्हणजे सिस्टोस्कोपी, हीच खरी तपासणी. लघवीच्या वाटेनेच दुर्बीण घालतात हे ऐकून पुरुष पळ काढतात, म्हणून आधीच सांगते: बधिर करणारी जेल लावतात, पाहण्याचं काम थोड्या मिनिटांचं असतं, नंतर एक-दोन दिवस लघवीला जळजळ होते, बस. काही निघालंच, तर बहुसंख्य रुग्णांमध्ये हा आजार सापडतो तेव्हा आतल्या थरांपुरताच असतो आणि पोट न उघडता दुर्बिणीतूनच काढता येतो. तो पुन्हा पुन्हा उगवायला बघतो, म्हणून पुढची काही वर्षं ठरल्या वेळी दुर्बीण घालून पाहत राहावं लागतं. स्नायूत शिरल्यावर सापडला तर मात्र उपचार फार मोठे होतात. माझी घाई आहे ती यासाठी.

आता तुमचा मूळ प्रश्न. तीस वर्षांपूर्वीच्या कामाचा संबंध असू शकतो का? हो, नक्कीच असू शकतो. उलट या आजारात इतकं मागे जाऊनच पाहायचं असतं.

१८९५ साली फ्रँकफुर्टच्या लुडविग रेन या सर्जनने फुक्सिन नावाचा किरमिजी रंग बनवणाऱ्या ४५ कामगारांपैकी तिघांना मूत्राशयात गाठी झाल्याचं मांडलं. एका कारखान्यात, एकाच खात्यात हा आजार इतक्या जणांना होणं योगायोग नाही, हे त्याच्या लक्षात आलं. पुढे दोषी रसायनं सापडली: बेन्झिडीन, बीटा-नॅफ्थिलामीन आणि त्यांची भावंडं. या सगळ्यांना अ‍ॅरोमॅटिक अमाइन म्हणतात. १९५४ मध्ये ब्रिटनच्या रंग कारखान्यांतल्या कामगारांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात काम सुरू केल्यापासून गाठ होईपर्यंत सरासरी १८ वर्षांच्या आसपास काळ गेल्याचं दिसलं. काहींमध्ये हे अंतर तीस-चाळीस वर्षांपर्यंतही जातं. माणूस तोवर नोकरी बदलतो, निवृत्त होतो, कारखान्याच्या जागी सोसायटी उभी राहते.

हात रंगले तर रोग मूत्राशयाला का, असा प्रश्न तुमच्या मिस्टरांना पडेल. ही रसायनं श्वासातून जातात तशी कातडीतूनही आत शिरतात, त्यामुळे नुसता नाकाला रुमाल बांधून भागत नाही. यकृत त्यांचं रूप बदलतं, मूत्रपिंड ती गाळून लघवीत टाकतं, आणि ती लघवी मूत्राशयात तासन् तास साठून राहते. आतल्या अस्तराशी सगळ्यात जास्त वेळ संबंध येतो तो तिथे. काहींचं यकृत यातली एक पायरी जन्मतःच सावकाश करतं, त्यांना यातल्या काही रसायनांचा धोका जास्त असू शकतो. म्हणून एकाच टाकीवर काम केलेल्या दोघांपैकी एकाला आजार होतो, दुसऱ्याला नाही. ‘मग गणपतला कसं काही झालं नाही?’ या वादाला म्हणूनच काही अर्थ नसतो.

त्यांच्या पोत्यात बेन्झिडीनचे रंग होते का, हे मी इथे बसून सांगू शकत नाही. खनिज रंगद्रव्यांची गोष्ट वेगळी, कापडाच्या आणि चामड्याच्या रंगांची वेगळी. पण तारखा पाहा. बेन्झिडीनपासून बनणाऱ्या ४२ रंगांच्या हाताळणीवर भारतात बंदी आली ती १९९० च्या दशकात, आणि पुढे त्याच दशकात आणखी ७० अझो, म्हणजे त्याच रासायनिक कुळातल्या, रंगांवर. तुमच्या मिस्टरांची सात वर्षं नेमकी या काळात येतात. पोत्यावरची नावं त्यांना आठवतात का, विचारा. काँगो रेड, डायरेक्ट ब्लॅक ३८, डायरेक्ट ब्लू ६, डायरेक्ट ब्राउन ९५ हे बेन्झिडीनवाले रंग होते. शरीरात गेल्यावर ते फुटून त्यातून पुन्हा बेन्झिडीन सुटतं. ‘डायरेक्ट’ एवढा शब्द जरी आठवला तरी तो डॉक्टरांना सांगण्यासारखा आहे.

आणि हे सगळं डॉक्टरांना सांगायचं आहे, कारण ते आपणहून विचारतीलच असं नाही. आपल्याकडे ओपीडीत साखर, बीपी, तंबाखू विचारतात. नोकरी विचारली तर ‘कंपनीत’ एवढं उत्तर पुरतं. आत्ताच्या कंपनीचं नाव लिहिलं की चौकट भरली! म्हणून घरून एक कागद लिहून न्या. कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत, कुठे, कुठल्या खात्यात, हाताने नेमकं काय केलं, कशाला हात लागायचे, हातमोजे होते का, कपडे कुठे धुतले जायचे. मशीन शॉपचं कूलंट, पेंट शॉपचा थिनर, सगळं लिहा. केसपेपरवर ही माहिती एका ओळीत तरी उतरवा, असा डॉक्टरांना आग्रह करा. ती ओळ पुढे फार उपयोगी पडेल.

पेंट शॉपही मी सोडून देत नाहीये. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था, आयएआरसी, हिने रंगाऱ्याचं काम हेच मुळी माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं आहे. त्यात फुप्फुसाबरोबर मूत्राशयही आहे. म्हणजे तुमच्या मिस्टरांनी एकामागून एक दोन धोक्याची कामं केली, आणि वर विडी.

विडीबद्दल स्पष्ट बोलते. मूत्राशयाच्या कर्करोगाचं सगळ्यात मोठं कारण तंबाखूचा धूर हेच आहे. पाश्चात्त्य देशांतल्या अभ्यासांत साधारण निम्मे रुग्ण त्याच्या खात्यावर जातात, आणि कामाच्या जागेचा वाटा त्याहून बराच कमी निघतो. दहा वर्षांपूर्वी सोडली हे उत्तम केलं. धोका सोडल्यापासून उतरत जातो, पण कधीच न ओढणाऱ्याइतका खाली यायला फार काळ लागतो. मला चीड येते ती ‘विडी ओढत होता ना? मग कारखान्याचं काय घेऊन बसलात’ या युक्तिवादाची. धुरात बीटा-नॅफ्थिलामीन आणि त्याचंच एक भावंड असतंच. तेच विष दोन दारांनी आत आलं, तर एका दाराकडे बोट दाखवून दुसरं कसं सुटेल?

तुमच्या जाऊबाईंचं म्हणणंही मी झटकून टाकत नाही. पाण्याने मूत्राशयाचा कर्करोग होतो हे खरं आहे, पण त्यातला ठळक गुन्हेगार आर्सेनिक आहे. चिलीतल्या अँटोफगास्ता शहराला १९५८ ते १९७० या काळात आर्सेनिक भरपूर असलेलं नदीचं पाणी मिळालं. पाणी शुद्ध केल्यावरही तिथले मूत्राशयाचे आणि फुप्फुसाचे कर्करोग पुढे कित्येक दशकं चढेच राहिले. आपल्या देशातला आर्सेनिकचा मोठा पट्टा बंगाल-बिहारकडे, गंगेच्या खोऱ्यात आहे. आपण इथे दख्खनच्या काळ्या खडकावर राहतो. काळेवाडीच्या नळाचं पाणी पवना धरणाचं. ते वर रावेतला उचलून निगडीच्या केंद्रात शुद्ध होऊन येतं. थेरगावच्या केजुबाई बंधाऱ्याशी नदीवर तरंगणारा फेस रावेतच्या खालच्या अंगाला आहे. त्या फेसाबद्दल महापालिकेला खुशाल धारेवर धरा, धरायलाच हवं. पण तुमच्या घरातल्या लाल लघवीचं कारण शोधताना मी आधी रंगाची टाकी पाहीन आणि नदी बऱ्याच नंतर. तुमच्याकडे बोअरचं किंवा टँकरचं पाणी पिण्यात असेल, आणि बोअर कारखान्यांच्या आसपास असेल, तर ते प्रयोगशाळेत तपासून घ्या आणि तोवर पिऊ नका. आर्सेनिकची भारतीय मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. अहवालात तो आकडा पाहा.

धण्याजिऱ्याचं पाणी पिऊ द्या, त्याने काही बिघडत नाही. मात्र ‘किडनी साफ करणारी’ म्हणून कुणी बिननावाची पुडी दिली तर घरात घेऊ नका. ईश्वरी नावाची वेल आणि तिच्या कुळातल्या वनस्पतींत अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल असतं. त्याने मूत्रपिंड निकामी होतं आणि मूत्रमार्गाच्या वरच्या भागात कर्करोग होतो. बेल्जियममध्ये १९९० च्या सुमारास वजन घटवायला म्हणून असल्या वनस्पतीची भुकटी घेतलेल्या बायकांच्या बाबतीत नेमकं हेच झालं. झाडपाल्याचं आहे म्हणून निरुपद्रवी, असा हिशेब इथे चालत नाही.

आता मुलाकडे वळते. त्याच्याबाबतीत अजून बरंच काही हातात आहे. पार्ट धुतात म्हणजे त्यावरचं तेल-ग्रीस काढतात. ते गरम पाणी आणि अल्कलीच्या साबणाने काढत असतील तर काळजी कमी. पण काही ठिकाणी अजून ट्रायक्लोरोइथिलीन वापरतात. गोडसर वासाचं, पटकन उडून जाणारं द्रावण. ते मूत्रपिंडाच्या कर्करोगाला कारण ठरतं, आणि आयएआरसीने ते पहिल्या गटात टाकलं आहे. मुलाला कॅनवरच्या लेबलचा फोटो काढून आणायला सांगा. रसायनाचं माहितीपत्रक, ज्याला कंपनीत एमएसडीएस म्हणतात, ते मागायचा आणि स्वतःच्या वैद्यकीय तपासणीचे कागद पाहायचा हक्क कामगाराला कायद्याने आहे. त्यात तो मेहेरबानी मागत नाही.

या द्रावणाची वाफ हवेपेक्षा जड असते, ती टाकीत आणि खड्ड्यात तळाला साचते. टाकीत वाकून पार्ट उचलायचा नाही, तळ साफ करायला एकट्याने उतरायचं तर अजिबात नाही. डोकं हलकं होणं, दारू प्यायल्यासारखं वाटणं म्हणजे वाफ मर्यादेबाहेर गेली आहे. पातळ रबरी मोजे अशा द्रावणापुढे टिकत नाहीत, त्या रसायनासाठी असलेलेच मोजे लागतात. आणि शिफ्ट संपल्यावर त्याच द्रावणाने किंवा थिनरने हात धुण्याची आपल्याकडे जी सर्रास सवय आहे, ती आजपासून बंद. डबा त्या खात्यात उघडायचा नाही. सुपरवायझर ऐकत नसेल तर युनियन, सेफ्टी कमिटी, आणि तिथेही दाद लागली नाही तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय. नवी नोकरी आहे, तो बोलायला कचरेल, हे मला समजतं. एकट्याने न बोलता खात्यातल्या चौघांनी मिळून लेखी मागणी करावी.

कामाचे कपडे त्याने घरी आणू नयेत. आणावेच लागले तर वेगळे धुवा, झटकू नका. यावरून तुमचाही विषय निघतो. ते रंगलेले बनियन सात वर्षं तुम्हीच धुतलेत ना? तुमचा धोका त्यांच्यापेक्षा कितीतरी कमी आहे, घाबरू नका. पण तुम्हाला कधी लघवीतून रक्त दिसलं, तर ‘पाळी जाताना असंच होतं’ किंवा ‘पुन्हा इन्फेक्शन’ म्हणून गप्प बसू नका. बायकांमध्ये हा आजार कमी दिसतो, पण दिसतो तेव्हा अनेकदा उशिरा दिसतो. त्याआधी गोळ्यांचे दोन-तीन कोर्स होऊन गेलेले असतात.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी एवढंच: रबर आणि टायरच्या कारखान्यात जुन्या काळी काम केलेले आणि अग्निशमन दलाचे जवान यांनाही मूत्राशयाची हीच खूण लागू आहे. सलूनमध्ये वर्षानुवर्षं केसांचे रंग हाताळणाऱ्यांबाबत पुरावा थोडा कमी पक्का आहे, पण मोजे घालायला तेवढा पुरे. प्रोस्टेटच्या कर्करोगाचा आणि कामाच्या जागेचा संबंध मात्र अजून विरळच दिसतो.

राहिला भरपाईचा मुद्दा. तुम्ही तो विचारला नाहीत, तरी सांगते. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यात व्यावसायिक आजारांची यादी होती. मूत्राशय, मूत्रपिंड आणि मूत्रवाहिनीच्या आतल्या अस्तराची मूळ गाठ तिच्यात होती. त्या कायद्याची जागा आता घेतलेल्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही अशी यादी आहे. बंद पडलेल्या कारखान्यावर दावा लावणं सोपं नाही, आणि मुदतींचे प्रश्न येतात, त्यामुळे मी आशा दाखवत नाही. पण निदान तसं निघालं तर कामगार वकिलाला किंवा युनियनला लवकर भेटा, आणि त्याआधी ट्रंक उघडून जुनी पगारपावती, पीएफची चिठ्ठी, ईएसआयचं कार्ड, हजेरीचं काहीही हाती लागतं का ते पाहा. कुठल्या साली कुठे होतो, हे सिद्ध करणं यात सगळ्यात अवघड जातं. सध्याच्या कंपनीतून ईएसआय लागू असेल तर चिंचवडच्या मोहननगर किंवा बिबवेवाडीच्या ईएसआय रुग्णालयातून यूरॉलॉजिस्टकडे पाठवण्याची चिठ्ठी मिळवा, खर्चाचा भार हलका होईल.

मिस्टर यायला तयार होणार नाहीत, हे तुमच्या पत्रातूनच दिसतंय. त्यांच्याशी कर्करोगावरून वाद घालू नका. मुलाला बरोबर घ्या आणि त्यांना त्या जुन्या कारखान्याबद्दल बोलतं करा, त्यांना ते आवडतं असं दिसतं. ते बोलतील तसं मुलाने कागदावर लिहून घ्यावं: पोत्यांची नावं, टाकीवर कोण कोण होतं, त्यातले आज कोण कुठे आहेत. त्या सोबत्यांपैकी कुणाचा नंबर असेल तर फोन लावा आणि त्यांच्यापैकी कुणाला लघवीचा त्रास झाला का, ते विचारा. झाला असेल, तर तेही त्याच कागदावर लिहा, आणि त्या माणसालाही यूरॉलॉजिस्टकडे धाडा.